चूक सांगणाऱ्याला आधी वाचवा

"नेट कंपनीचं, लॅपटॉप कंपनीचा, पगार कंपनीचा. मग कंपनीने काय बघायचं नि काय नाही, हे तुम्ही कोण सांगणार?" मारुंजीत राहणाऱ्या कुणालाही हा युक्तिवाद नवा नाही. लक्ष्मी चौकात चहाच्या टपरीवर तो ऐकू येतो, सोसायटीच्या बैठकीत येतो, हिंजवडीच्या कुठल्याही फेजमधल्या एचआरच्या सत्रात तर येतोच. त्याला दोन पुरवण्या जोडलेल्या असतात. पहिली: लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरता कशाला? दुसरी: माणूस हाच सुरक्षेतला सगळ्यात कच्चा दुवा, म्हणून त्याच्यावर चोवीस तास नजर हवी. या तीन वाक्यांच्या जोरावर आपल्या भागातल्या कितीतरी कंपन्यांच्या इंटरनेट वापराच्या नियमावल्या उभ्या आहेत. ही तिन्ही वाक्यं चुकीची आहेत आणि त्यांच्यावर बेतलेले नियम कर्मचाऱ्याइतकेच कंपनीलाही घातक आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

नियमच नकोत असं मी अजिबात म्हणत नाही. तसं म्हणायला पुण्याचा इतिहास परवानगी देत नाही. २००५ साली पुण्यात एम्फसिसच्या बीपीओत काम करणाऱ्या काही तरुणांनी सिटीबँकेच्या अमेरिकी खातेदारांचा फोनवर विश्वास संपादन केला, त्यांचे पिन काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यात खोट्या नावांनी उघडलेल्या खात्यांत वळवले. भारतातल्या बीपीओ उद्योगाची तेव्हा जगभर नाचक्की झाली. दुसऱ्याच्या पैशाची, आजाराची, पत्त्याची माहिती ज्याच्या हातात आहे त्याने ती कशी हाताळायची याला नियम हवेतच, आणि ते कडकच हवेत.

पण त्या प्रकरणातून जो धडा घेतला गेला तो मला पटत नाही. तिथे जाता-येताना झडती होत होती, आकडे लिहून बाहेर नेता येत नव्हते. त्या मुलांनी ते आकडे पाठ करून बाहेर नेले आणि सायबर कॅफेतून वापरले, असं तेव्हा सांगितलं गेलं. झडतीचा नियम शब्दशः पाळला गेला आणि चोरी झालीच. प्रकरण उघडकीला आलं ते ग्राहकांनी पैसे गेल्याची तक्रार केली आणि बँकेने पैशाचा माग काढला म्हणून. फोन उचलणाऱ्या माणसाला ग्राहकाचा पिन मिळूच शकणार नाही अशी रचना करणं हा खरा उपाय होता. त्याऐवजी त्यानंतरच्या वर्षांत मजल्यामजल्यावर पेन बंद, कागद बंद, मोबाइल दारात जमा, हे सगळं आणखी आवळलं गेलं. दिसणारी बंदी घालणं सोपं असतं; माहितीपर्यंत कुणाचा हात पोहोचावा याचा विचार करायला मेहनत लागते.

आता चाकणच्या पट्ट्यात या. महाळुंगे, निघोजे, कुरुळी या बाजूला सुटे भाग बनवणारे शेकडो लहान कारखाने आहेत. तिथे फसवणूक कशी होते ते जवळून बघण्यासारखं आहे. महिनाअखेर आहे. हिशेब विभागात दोन माणसं, त्यातली एक जीएसटीच्या कामात बुडालेली. पोलादाचा पुरवठा करणाऱ्या जुन्या व्यापाऱ्याचा मेल येतो: आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, या वेळचे पैसे सोबतच्या नव्या खात्यावर टाका. खाली नेहमीचा शिक्का, नेहमीची सही, मागच्या बिलाचा बरोबर क्रमांक. फरक एवढाच, की मेलच्या पत्त्यात जिथे इंग्रजी एम हवा तिथे आर आणि एन शेजारीशेजारी बसवलेत. पडद्यावरच्या बारीक अक्षरांत हा फरक चष्मा पुसूनही दिसत नाही. हिशेबातली मुलगी आरटीजीएस करून टाकते. दुपारी खऱ्या व्यापाऱ्याचा फोन येतो, पैसे कधी पाठवताय?

त्या क्षणापासून पुढचे काही तास सगळ्यात मोलाचे. लगेच बँकेला आणि १९३० या हेल्पलाइनला कळवलं तर पुढच्या खात्यात पोहोचलेली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. रात्र उलटली की ती रक्कम पाचदहा खात्यांत फुटून निघून जाते. आता त्या मुलीने नोकरीला लागताना ज्यावर सही केली त्या कागदात काय लिहिलंय? 'निष्काळजीपणामुळे कंपनीचे नुकसान झाल्यास तात्काळ सेवासमाप्ती व नुकसानभरपाईची वसुली.' तिचा पगार महिना अठरा-वीस हजार, रक्कम सात लाखांची. ती काय करेल? ती तो मेल पुन्हा पुन्हा वाचेल, कदाचित पुसून टाकेल, व्यापाऱ्याला 'उद्या सांगते' म्हणेल आणि घरी जाऊन रडेल. तिच्या जागी तुम्ही-मी असतो तर वेगळं काही केलं नसतं. म्हणजे जी नियमावली कंपनीचे पैसे वाचवायला लिहिली, तिनेच ते पैसे वाचवण्याची वेळ खाऊन टाकली.

इथे मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण हे कायद्याच्याही विरुद्ध जातं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. सहा तास! एखाद्याने मेलला जोडलेली संशयास्पद फाइल उघडली, पडदा क्षणभर काळा झाला आणि त्याने घाबरून लॅपटॉप बंद करून तीन दिवस तोंड मिटून ठेवलं, तर कंपनीचं सुरक्षा पथक ते सहा तास मोजायला सुरुवात कधी करणार? तिसऱ्या दिवशी, सर्व्हरवरच्या फायली कुलूपबंद झाल्यावर. वेळेवर बातमी देऊ शकेल असा त्या इमारतीत एकच माणूस होता, आणि त्याचंच तोंड नियमाने बंद केलेलं होतं.

"चूक माफ केली तर लोक बेफिकीर होतील," असं यावर सांगितलं जातं. ज्या क्षेत्रात चुकीने माणसं मरतात तिथे नेमकं उलटं केलं गेलं. अमेरिकेत १९७६ पासून नासा विमानवाहतुकीतल्या चुकांची एक गोपनीय नोंदव्यवस्था चालवते. वैमानिकाकडून नकळत नियमभंग झाला आणि त्याने दहा दिवसांत स्वतःहून कळवलं, तर काही अटींवर त्याला दंडातून सूट मिळते. जाणूनबुजून केलेला गुन्हा आणि अपघात यांना ही सवलत नाही. विमान उडवणाऱ्याच्या बाबतीत जे शहाणपण चालतं ते मेल उघडणाऱ्याच्या बाबतीत का चालू नये? नियमावलीत एक वाक्य हवं: चूक झाल्याचं कळताच सांगणाऱ्यावर त्या चुकीबद्दल कारवाई होणार नाही, लपवणाऱ्यावर होईल. आणि त्या हिशेबाच्या मुलीसाठी दुसरं: बँक खातं बदलल्याचा निरोप आला तर आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, आणि दुसऱ्या माणसाच्या मंजुरीशिवाय नव्या खात्यावर पैसा पाठवायचा नाही. फेसबुकवर बंदी घालणाऱ्या दहा पानांपेक्षा या दोन वाक्यांनी जास्त पैसे वाचतील.

आता पाळतीकडे वळतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर तुमच्या बँकेचं संकेतस्थळ उघडा. पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाला असलेल्या चिन्हावर क्लिक करून सुरक्षा प्रमाणपत्र कुणी दिलंय ते वाचा. तिथे बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेऐवजी तुमच्या कंपनीचं किंवा एखाद्या सुरक्षा उत्पादनाचं नाव दिसलं, तर समजा की तुमच्या आणि बँकेच्या मधला बंद लिफाफा वाटेत उघडला जातोय आणि पुन्हा चिकटवून पुढे पाठवला जातोय. यामागे खरं कारण असू शकतं, कारण घातक प्रोग्रॅम अशाच बंद वाहतुकीतून आत येतात. ते मी नाकारत नाही. पण बँका आणि दवाखान्यांची संकेतस्थळं या तपासणीतून वगळण्याची सोय अशा यंत्रणांत असते. तुमच्या कंपनीने ती वगळलीत का? बहुतेकांना ठाऊकच नसतं, कारण कुणी कधी सांगितलेलं नसतं. स्वतःच्या फोनवर ऑफिसचा मेल घेतानाही तसंच. कामाचा भाग वेगळ्या कप्प्यात ठेवणारी पद्धत आहे, आणि अख्ख्या फोनचा ताबा देणारीही आहे. दुसरीत नोकरी सोडताना एका कळीवर मुलीच्या बारशाचे फोटोसुद्धा जाऊ शकतात. परवानगी देताना दोन्ही पडदे जवळपास सारखेच दिसतात.

"लपवण्यासारखं काय आहे?" असं विचारणाऱ्यांनी एका बाईचा विचार करावा. तिच्या विभागप्रमुखाने तिला त्रास दिलाय. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार ती अंतर्गत समितीकडे जाणार आहे. त्या कायद्याचं सोळावं कलम तक्रारीतला मजकूर उघड करायला मनाई करतं. पण ती तक्रार ऑफिसच्याच मेलवरून, ऑफिसच्याच यंत्रावर लिहिते, आणि कुणाच्या पडद्यावर कुणाचा मेल दिसतो हे कुठेही लिहिलेलं नाही. तिला लपवण्यासारखं आहे, आणि ते लपवण्याचा हक्क कायद्यानेच तिला दिलाय. ज्याच्या आईची केमोथेरपी चालू आहे, जो दुसरी नोकरी शोधतोय, जे चौघे मिळून पगारवाढीबद्दल बोलतायत, त्यांनाही लपवण्यासारखं आहे. यातली एकही गोष्ट गुन्हा नाही.

या प्रश्नावर युरोपात एक खटला गाजला. बुखारेस्टमधल्या एका कंपनीत विक्रीचं काम बघणाऱ्या बोगदान बार्बुलेस्कू याने कंपनीच्याच सांगण्यावरून ग्राहकांसाठी याहू मेसेंजरचं खातं उघडलं. जुलै २००७ मध्ये कंपनीने काही दिवस त्याचे संदेश टिपले आणि त्याच्यापुढे ४५ पानी नक्कल ठेवली. त्यात भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी झालेलं खाजगी बोलणंही होतं. त्याला काढून टाकण्यात आलं. खाजगी वापराला कंपनीत बंदी होती आणि ती त्याला ठाऊक होती, हे खरंच होतं. तरीही युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या विस्तारित पीठाने ५ सप्टेंबर २०१७ रोजी अकरा विरुद्ध सहा मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. पाळत ठेवणार आहोत आणि कितपत ठेवणार आहोत हे त्याला आधी सांगितलं होतं का, त्यासाठी पुरेसं कारण होतं का, संदेश न वाचताही काम भागलं असतं का, हे रोमानियाच्या न्यायालयांनी तपासलंच नव्हतं. बंदीचा नियम केला म्हणून माणसाचं खाजगी आयुष्य ऑफिसच्या दारात संपत नाही, असा त्या निकालाचा गाभा आहे.

त्याच्या बाराच दिवस आधी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं होतं. यावर जाणकार लगेच म्हणतात, मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध, खाजगी कंपनीचं काय? मुद्दा बरोबर आहे. ते पुढे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं सातवं कलम दाखवतात, ज्यात नोकरीच्या कारणासाठी आणि कंपनीला नुकसानीपासून वाचवण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवायही वापरता येते. ते कलम मीही वाचलंय. त्यात उदाहरणं आहेत ती कंपनीची हेरगिरी रोखण्याची, व्यापारी गुपितं आणि बौद्धिक संपदा जपण्याची. कामाशी संबंध नसलेलं नवरा-बायकोचं बोलणं वाचत बसण्याचा परवाना त्यात मला कुठे दिसत नाही. उलट याच कायद्यात माहितीची राखण करण्यात कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंतचा दंड आहे, आणि तो माहिती बाळगणाऱ्या संस्थेला आहे. जबाबदारी कायद्याने संस्थेवर टाकली. सहीच्या कागदातून ती अठरा हजारांच्या कारकुनाकडे सरकवण्याचा उद्योग थांबला पाहिजे.

राहिला 'कच्चा दुवा'. जून २०१७ मध्ये न्हावा-शेव्याला जेएनपीटीतल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. नॉटपेट्या नावाचा हल्ला होता. तो पसरला कसा? युक्रेनमध्ये हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अधिकृत अद्ययावतीकरणातून. जे अपडेट करा म्हणून सुरक्षावाले आपल्या मागे लागतात, त्याच वाटेने विष आलं. तिथल्या एकाही कर्मचाऱ्याने काही चुकीचं उघडलं नव्हतं. आणि आपल्या पुण्यातली कॉसमॉस बँक: ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. त्यातले सुमारे ७८ कोटी २८ देशांतल्या एटीएममधून, बारा हजारांवर व्यवहारांनी, अवघ्या काही तासांत. हल्लेखोरांनी एटीएमच्या यंत्रणेजवळ दुसरी बनावट यंत्रणा उभी केली आणि खात्यात पैसे आहेत की नाही हे बँकेला न विचारताच होकार मिळत गेले. पहिला शिरकाव कुठून झाला ते क्षणभर बाजूला ठेवू. एका शहरी सहकारी बँकेच्या कार्डांवर एका शनिवारी अठ्ठावीस देशांत पैसे निघतायत, आणि कुठेही घंटा वाजत नाही, हा कारकुनाच्या यूट्यूबचा दोष आहे का?

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१६ मध्ये बांगलादेश बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर गेले, त्याची सुरुवात नोकरीच्या अर्जाचं सोंग घेतलेल्या मेलने झाली होती. तो कुणीतरी उघडला असणार. पण अर्ज उघडणं हे त्या माणसाचं कामच असतं. एका मेलवरून चोर थेट परदेशी व्यवहारांच्या यंत्रापर्यंत चालत जाऊ शकला, कारण मध्ये भिंतच नव्हती. जी यंत्रणा एका माणसाच्या एका चुकीवर कोसळते, तिच्यात कच्चा दुवा कोणता हे यंत्रणा उभी करणाऱ्यांनी आपापसांत ठरवावं.

माझी आणखी एक तक्रार भाषेची आहे, आणि ती मला सगळ्यात जवळची आहे. मारुंजी, माण, नेरे, जांबे या गावांतली कितीतरी मुलं-माणसं हिंजवडीच्या आयटी पार्कात सुरक्षारक्षक, सफाई, पँट्री, गाड्या अशा कामांवर आहेत. ज्यांच्या वाडवडिलांच्या शिवाराशेजारी या काचेच्या इमारती उठल्या, ती ही माणसं. रक्षकाच्या हातात पाहुण्यांची नोंद करणारा टॅब असतो, त्यात रोज कित्येकांचे फोन नंबर आणि फोटो जातात. तिन्ही पाळ्यांना एकच पासवर्ड, आणि तो टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर. सफाईवाल्या मावशींना पार्किंगमध्ये पेन ड्राइव्ह सापडतो. साहेबांचा असेल म्हणून त्या तो प्रामाणिकपणे वर नेऊन देतात, आणि साहेब कुणाचा आहे बघू म्हणून तो लॅपटॉपला लावतात. हल्लेखोर असे ड्राइव्ह मुद्दाम टाकून जातात हे मावशींना कुणी कधी मराठीत सांगितलंय? त्यांच्याकडून सही मात्र इंग्रजी कागदावर घेतली जाते, तीही ठेकेदाराच्या कचेरीत, पगाराच्या दिवशी.

कारखान्यांसाठी १९४६ साली स्थायी आदेशांचा कायदा झाला. त्याच्या नवव्या कलमात होतं की हे आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, कामगार ज्या दाराने आत जातात तिथे फलकावर लावावेत. तो कायदा आता औद्योगिक संबंध संहितेत सामावला गेलाय, पण लेथवर काम करणाऱ्याला त्याच्या भाषेत नियम कळला पाहिजे हे या देशाने स्वातंत्र्याच्या आधीच मान्य केलं होतं. आज आपल्या पट्ट्यात इंटरनेटचे नियम तीस पानी इंग्रजी फाइलमध्ये येतात आणि 'मान्य आहे' या चौकटीवर टिचकी मारल्याशिवाय पगाराची पावतीही उघडत नाही. याला संमती म्हणता येणार नाही.

नुसत्या बंदीची जुनी चूक आता एआयच्या बाबतीत नव्याने होतेय. २०२३ मध्ये सॅमसंगच्या अभियंत्यांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं आणि कंपनीने वापरावर बंदी घातली. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या अर्थ मंत्रालयानेही कार्यालयीन यंत्रांवर अशी साधनं वापरू नका असं कळवलं. काळजी रास्त आहे. पण सुरक्षित पर्याय न देता नुसती बंदी घातली तर माणूस तोच मजकूर खिशातल्या फोनवर टाकतो, आणि मग कंपनीकडे नोंदही उरत नाही. ग्राहकाचं नाव, पॅन, कोड, किमती यांतलं काहीही बाहेरच्या साधनात टाकायचं नाही, आणि टाकायची गरज पडली तर हे आपलं साधन वापरा, असं दोन ओळींत सांगता येतं.

मग नियमावलीत काय हवं? सर्ट-इनच्याच निर्देशांनुसार यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात, तेव्हा कंपनीने नोंदी ठेवूच नयेत असं कुणी म्हणणार नाही. त्या नोंदीत काय काय असतं, ती कोण उघडू शकतं, कुणाच्या लेखी परवानगीने उघडतं, आणि १८० दिवसांनंतर तिचं काय होतं, एवढं नियमावलीच्या पहिल्या पानावर मराठीत आणि इंग्रजीत छापा. त्याच पानावर एक फोन नंबर छापा, जो रात्री दोन वाजताही उचलला जाईल, आणि त्याखाली लिहा की या नंबरवर स्वतःची चूक सांगणाऱ्याची नोकरी त्या चुकीसाठी जाणार नाही. पुढच्या वेळी एचआर सहीसाठी कागद घेऊन येईल तेव्हा हे पान आधी मागा, आणि पँट्रीतल्या मावशींच्या हातातही तेच पान पडलंय का, तेही विचारा.